टँकरभर पाण्यात आग विझवायची तर आधी होज नीट कळला पाहिजे (नवीन लोकांसाठी)

जे नवीन नवीन जिनिंगमध्ये, दालमिलमध्ये, एमआयडीसीतल्या कंपनीत सिक्युरिटी नायतर सेफ्टीला लागलेत, किंवा नगरपरिषदेच्या अग्निशमनला नुकतेच आलेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. भिंतीवरच्या लाल पेटीतला गुंडाळलेला पाईप, म्हणजेच होज, रोज दिसतो, पण तो कोणत्या टाइपचा आहे, त्याचं कोणतं टोक कुठं जातं, तो किती पाणी पितो हे बऱ्याच जणांना कुणी सांगितलेलंच नसतं आन् आग लागल्यावर शिकवत बसायला कुणाकडंच टाइम नसतो.

आपल्या मराठवाड्यात एक गोष्ट आधी डोक्यात बसवा, पाणी मोजकं आहे. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तवा आगीसाठी पाहिजे तितकं पाणी मिळंल असं धरून चालताच येत नाय. गावाकडची आग म्हणजे एक बंब, त्याच्यामागं जमलं तर एखादा टँकर, बस. त्यामुळं गाडीतलं पाणी रस्त्यात गळून जातंय का आगीच्या मुळावर पडतंय हे सगळं होजवर ठरतं. खालचं सगळं त्याच हिशोबानं वाचा.

आन् सगळ्यात आधी फोन. १०१ नायतर ११२. होज उलगडायच्या आधी एका माणसाला फोनवर उभा करा, कारण तालुक्याच्या गावाहून बंब यायला वेळ लागतोय आन् तो वेळ तुमच्या पाच मिनिटांच्या उशिरानं वाढवू नका.

पहिलं काम, तुमच्याकडचा होज ओळखा

होज मुळात दोन कामाचे असतेत. पाणी ओढायचा तो सक्शन आन् पाणी फेकायचा तो डिलिव्हरी. सक्शन होज जाड, कडक, आतमध्ये तारेचं वेटोळं घातलेला असतो, कारण पंप आतली हवा ओढतो तवा तो चपटा व्हायला नको. डिलिव्हरी होज रिकामा असला की चपटा, पाणी आलं की गोल. पेटीत असतो तो हाच.

डिलिव्हरीत आपल्याकडं जास्त करून आरआरएल दिसतो, म्हणजे वरून पक्क्या धाग्याची विणलेली जॅकेट आन् आतून रबराचं अस्तर. ह्यातून पाणी झिरपत नाय. ह्याचं भारतीय स्टँडर्ड आयएस ६३६, होजवरच छापलेलं असतंय, नवीन माल घेताना ते आन् आयएसआयचा शिक्का बघितल्याशिवाय बिल पास करू नका. दुसरा प्रकार सीपी होज, त्याचं स्टँडर्ड आयएस ८४२३, ह्यातून जरा जरा पाणी पाझरत राहतं, ते मुद्दाम केलेलं आहे, होज वरून ओला राहिला की निखाऱ्यावर, तापलेल्या पत्र्यावर लवकर जळत नाय. दोन्ही चांगलेच आहेत पण माझं स्पष्ट मत सांगतो, जिथं पाणी मोजून आहे आन् होज पेटीत महिनोन्महिने पडून राहतो तिथं आरआरएलच घ्या. सीपी होज वाळवायला कंटाळा केला की त्याला बुरशी लागते.

साइज बहुतेक ठिकाणी ६३ मिमी, लांबी १५ मीटर नायतर ३० मीटर. हलका पाहिजे असंल तर ३८ मिमीचा पण मिळतो. इथं एक घोळ हमखास होतो म्हणून जरा थांबून सांगतो. शेतातल्या स्प्रिंकलरचा काळा पाईप पण ६३ चा असतो, म्हणून लोकांना वाटतं तो ह्याला बसंल. बसत नाय. शेतातल्या पाईपचं ६३ हे बाहेरून मोजलेलं असतं आन् फायर होजचं ६३ आतून, शिवाय कपलिंग, म्हणजे टोकाचा जोड, पूर्ण वेगळं. तसाच तो निळा लपेटा पाईप, दिसायला होजसारखाच चपटा, पण तो विहिरीवरून वावरात पाणी न्यायला केलेला आहे, फायर पंपाचं प्रेशर दिलं की फाटतोय. पैसे वाचवायला कुणी पेटीत लपेटा पाईप ठेवला असंल तर तो आजच काढा.

आणखी एक म्हणजे होज रील, भिंतीवरच्या लाल चक्रावर गुंडाळलेला रबरी पाईप, १९ नायतर २५ मिमीचा, तोंडाला छोटं नोझल. हा एकटा माणूस चालवू शकतो, पूर्ण उलगडायची पण गरज नाय, पाहिजे तेवढा ओढला आन् सुरू. आग छोटी असताना, म्हणजे एखादी गाठोडी पेटली, कचरा पेटला, तवा पहिला हात हाच. पाणी कमी लागतं आन् धावपळ पण कमी.

कपलिंग, इथंच जास्त लोक अडकतेत

आपल्याकडं डिलिव्हरी होजला इन्स्टंटेनियस कपलिंग असतं. आटे फिरवायचे नाहीत, मेल (आत जाणारं) टोक फिमेलमध्ये (आत घेणाऱ्या टोकात) सरळ दाबायचं, टक्क आवाज आला की बसलं. फिमेलच्या दोन बाजूला स्प्रिंगवाले दोन लग, म्हणजे बोटानं ओढायचे कान असतेत, काढायचं असलं की ते दोन्ही बाहेर ओढून मेल टोक मागं खेचायचं. आवाज आल्यावर पण एकदा हातानं ओढून बघायचंच, अर्धवट बसलेलं कपलिंग पाणी सोडल्यावर सुटतं आन् ते पितळी टोक ज्याच्या नडगीवर बसंल त्याची नडगी गेली.

कोणतं टोक कुठं? मेल टोक पाण्याकडं, फिमेल टोक आगीकडं. हायड्रंटचं, म्हणजे आगीसाठीच्या पाइपलाइनवरच्या नळाचं तोंड फिमेल असतंय, पंपाची डिलिव्हरी पण फिमेल, त्यात होजचं मेल जातं. पुढं होजच्या फिमेलमध्ये ब्रँचचं, म्हणजे हातात धरून पाणी मारायच्या धातूच्या नळीचं मेल जातं, नायतर दुसऱ्या होजचं. घाईत होज उलटा पसरला तर दोन्हीकडं जुळणार नाय आन् पूर्ण पट्टा पुन्हा फिरवावा लागंल, म्हणून पेटीत एकेक डबल मेल आन् डबल फिमेल अॅडॅप्टर ठेवलेलं लई कामाला येतंय.

ह्याच रचनेचा अजून एक उपयोग आहे तो प्रत्येकानं पाठ करावा. धुरात काही दिसंना झालं आन् बाहेर पडायचंय, तर खाली बसून होज चाचपडत चला. जोड हाताला लागला की लग कोणत्या बाजूच्या तुकड्यावर आहेत ते बोटानं बघा. लगवाला तुकडा पंपाच्या बाजूचा असतो, म्हणजे बाहेर जायची वाट तिकडं. उलटं गेलात तर सरळ आगीत.

फिमेलच्या आत रबराचा वायसर असतो. एवढीशी वस्तू पण सगळ्यात जास्त पाणी हीच वाया घालवते. आपल्याकडं मे महिन्यात पत्र्याच्या शेडला लावलेली पेटी आतून भट्टी होते, वायसर वाळून त्याला चिरा पडतेत, मग प्रत्येक जोडातून कारंजं. पाच जोड असले आन् पाचही गळले तर नोझलला प्रेशरच राहत नाय. पेटीत चार-पाच वायसर जास्तीचे ठेवा, हिवाळा संपता संपता सगळे बदला, खर्च काहीच नाय.

ब्रँच आन् नोझल गनमेटलचे असतेत, आन् भंगारात भाव असल्यामुळं चोरीला जातेत. पेटीला कुलूप घालू नका, काच फोडून उघडायची पेटी ठेवा आन् वॉचमनला रोजच्या राऊंडमध्ये ब्रँच मोजायला लावा. आग लागल्यावर होज आहे आन् ब्रँच नाय अशी वेळ यायला नको. चोरीला वैतागून कुणी अॅल्युमिनियमची ब्रँच घेतेत, चालतंय, फक्त आपटली तर तोंड चेपतंय तेवढं बघा.

नोझल कोणतं, हा खरा पाण्याचा हिशोब

हा भाग सावकाश वाचा. साध्या गोल नोझलचे साइज १२, १५, २०, २५ मिमी. एका मिनिटाला किती लिटर पाणी जातं त्याचा अंदाज काढायची सोपी पद्धत अशी, नोझलच्या मिलिमीटरचा वर्ग करा, त्याला प्रेशरच्या (किलोमध्ये, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला किती किलो) वर्गमुळानं गुणा आन् त्याचे दोन तृतीयांश घ्या. नोझलवर ७ किलो प्रेशर धरलं तर २० मिमीचं नोझल मिनिटाला साधारण ७०० लिटर ओततं. म्हणजे ५००० लिटरचा टँकर सात मिनिटात रिकामा! तेच १२ मिमीचं नोझल लावलं तर मिनिटाला अडीचशे लिटर, तोच टँकर वीस मिनिटं पुरतो.

आता ह्याचा अर्थ कायम बारीकच नोझल लावा असा नाय. मोठी आग, लांबून मारायचंय, जवळ जाता येत नाय, तिथं २० मिमीच पाहिजे, बारीक धार उष्णतेनं आगीपर्यंत पोचायच्या आत वाफ होऊन जाती. पण कडब्याची गंजी, गोठा, दुकान अशा आगीला पुढं टँकर दिसत नसताना २० मिमी उघडून बसलात तर आग अर्धी आन् पाणी संपलेलं अशी गत होते. बंद-चालू करता येणारी, जेट आणि स्प्रे दोन्ही होणारी ब्रँच मिळत असंल तर तीच घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी, कारण जागा बदलताना पाणी बंद ठेवता येतं.

नोझलचा मागं धक्का पण बसतो. ७ किलोवर २० मिमीचा धक्का साधारण ४५ किलोचा, १२ मिमीचा १६ किलोच्या आसपास. म्हणून ६३ चा होज आन् मोठं नोझल एकट्यानं धरायचं नाय, कितीबी पैलवान असला तरी. एक ब्रँचवर, एक त्याच्या मागं होज अंगाला घट्ट धरून.

होज नुसता पाण्यानं भरला तरी लई जड होतो. ६३ मिमीच्या १५ मीटर होजमध्ये ४७ लिटरच्या आसपास पाणी बसतं, म्हणजे ४७ किलो वजन, वर होजचं स्वतःचं वेगळं. त्यामुळं आधी रिकामा होज जागेवर न्यायचा, मगच पाणी.

आता पसरायचा कसा

समजा जिनिंगच्या आवारात कापसाच्या गंजीला आग लागली आन् तुम्ही हायड्रंटच्या पेटीजवळ आहात. कमीत कमी तिघं लागतेत. एक हायड्रंटवर, दोन ब्रँचवर.

आधी वीज. आगीजवळून तारा जात असतील, मोटार असंल तर मेन बंद करा, डीपीवरून बंद करायचं असलं तर महावितरणला फोन, स्वतः डीपीत हात घालायचा नाय. चालू तारेवर पाण्याची सलग धार मारली तर करंट धारेतून माणसापर्यंत येऊ शकतो. पण फायर पंपाचं कनेक्शन वेगळं असतं, ते घाईघाईत बंद करू नका, पॅनलवर नाव लिहून ठेवा म्हणजे गोंधळ नाय.

मग वारा बघा. वारा पाठीवर घेऊन जायचं आन् मागं पळायला मोकळी वाट ठेवायची. उन्हाळ्यात दुपारी आपल्याकडं वारा कधी दिशा बदलंल, वावटळ कधी उठंल भरवसा नाय, म्हणून एका माणसाची नजर सारखी धुराकडं पाहिजे.

होज पेटीतून काढा, मेल टोक हायड्रंटवाल्याच्या हातात द्या, गुंडाळी जमिनीवर उभी धरून आगीच्या दिशेनं जोरात सोडा, सरळ उलगडत जाते. नाय गेली तर टोक हातात धरून पळा. दुसरा होज जोडा, ब्रँच जोडा. आगीपर्यंत अंतर दोन होजचं दिसत असंल तर तिसरा पण जोडा, कारण पुढं-मागं सरकायला शेवटी मोकळा होज लागतो, अन् तो मोकळा भाग ब्रँचच्या मागं मोठ्या वळणात ठेवा. पीळ आन् घडी कुठंच नको, एका घडीनं पाणी निम्म्यावर येतंय. रस्ता ओलांडायचा असंल तर दोन्ही बाजूला लाकडी फळ्या नायतर होज रॅम्प टाका, ट्रॅक्टर होजवरून गेला की आतलं अस्तर फुटतंय आन् ते वरून दिसत पण नाय.

ब्रँचवाला तयार झाला की हात वर करून ओरडंल "वॉटर ऑन". त्याच्या आधी हायड्रंट उघडायचा नाय म्हणजे नाय. उघडताना चाक घड्याळाच्या उलट्या दिशेनं, सावकाश. एकदम उघडलं की पाण्याचा झटका बसतो, होज सापासारखा उसळतो. ब्रँच बंद करताना पण तसंच, हळू, एकदम बंद केली की तोच झटका मागं पाईपलाइनला आन् पंपाला बसतो. पाणी थांबवायचं असंल तर "नॉक ऑफ", सगळं गुंडाळायचं तर "मेक अप", फायरवाले हेच शब्द वापरतेत, तुम्ही पण तेच वापरा म्हणजे बंब आल्यावर एकमेकांचं कळतंय.

हातातून ब्रँच सुटली तर तिच्यामागं धावू नका. पाण्याच्या जोरानं ती आपटत फिरते, डोकं फोडते. आधी पाणी बंद, मग ब्रँच उचला.

पाणी मारायचं ते ज्वाळेवर नाय, जे जळतंय त्याच्यावर. कापसाचं वेगळं आहे, कच्च्या कापसाला नैसर्गिक मेण असतं, पाणी वरून घरंगळून जातं आन् आत धुमसत राहतं. सलग धार मारली तर पेटलेला कापूस उडून दुसऱ्या गंजीवर जातो, म्हणून स्प्रे मारा, आग बसवा, मग फावड्यानं, लोडरनं ओढून पसरवून भिजवा. दाबलेल्या गाठी तर वरून विझल्यासारख्या दिसून आत धुमसत राहतेत, त्या शेडबाहेर मोकळ्या जागेत नेऊन फोडा आन् नजर ठेवा. कडब्याच्या गंजीलाही हेच.

वरच्या मजल्यावर न्यायचं असंल तर दर १० मीटर उंचीला १ किलो प्रेशर कमी होतं एवढं ध्यानात ठेवा, आन् होज जिन्यातून नेताना कठड्याला दोरीनं बांधा, भरलेल्या होजचं वजन कपलिंगवर लटकू देऊ नका. बारीक होज लांबवर न्यायच्या भानगडीत पण पडू नका, तेवढंच पाणी ६३ ऐवजी ३८ मधून न्यायचं म्हणलं तर घर्षणात प्रेशर बारा पटीच्या आसपास जास्त खर्च होतं. आगीपर्यंत ६३, शेवटच्या तुकड्याला ३८, असं करा.

विहीर आहे म्हणून निश्चिंत राहू नका

गावात लोक म्हणतेत विहीर आहे ना, बंब लावा विहिरीला. बंबाचा पंप सक्शननं पाणी वर ओढतो ते हवेच्या दाबावर, कागदावर १० मीटरच्या वर आकडा येतो पण प्रत्यक्षात साधारण ७ मीटर, म्हणजे बावीस-तेवीस फूट. उन्हाळ्यात आपल्या विहिरीचं पाणी पन्नास-साठ फुटावर गेलेलं असतं, तिथून कोणताच बंब पाणी ओढू शकत नाय, पंप कितीबी मोठा असो. अशा ठिकाणी विहिरीतली मोटार चालू करून हौद किंवा टँकर भरायचा आन् त्यातून पंपानं घ्यायचं. सोसायटीनं, जिनिंगवाल्यानं हे आधीच ठरवून ठेवावं, लाइट गेली तर जनरेटर कुठला ते पण.

शेततळ्यातून मात्र सक्शन घेता येतं. पुढं जाळी लावा, जाळीला दोरी बांधून पाण्याखाली दीड-दोन फूट ठेवा पण तळाला टेकू देऊ नका, काळ्या मातीचा गाळ पंपात गेला की पंप बसला. तोंड पाण्याच्या वर आलं की हवा घेतो आन् प्रेशर तुटतं. सक्शनच्या जोडाला आटे असतेत, ते पान्यानं कसून लावा, जरा हवा घेतली तरी पाणी चढत नाय.

सांभाळायचं कसं

वापरून झालं की होज साध्या पाण्यानं धुवा, ब्रशनं माती काढा, ऑइल-डिझेल लागलं असंल तर साबणाच्या हलक्या पाण्यानं. मग एका टोकापासून खांद्यावर उचलत उचलत चला म्हणजे आतलं पाणी दुसऱ्या टोकानं निघून जातं. वाळवायचा सावलीत, उंचावरून लटकवून. आपल्याकडं सवय अशी की एप्रिलच्या उन्हात डांबरी रस्त्यावर पसरायचा, तासात वाळतो म्हणून, पण त्यानं रबर कडक होतंय. सावलीत दोन दिवस लागले तर लागू द्या.

गुंडाळायच्या दोन पद्धती. एका टोकापासून सरळ गुंडाळी, फिमेल आत मेल बाहेर. दुसरी, होज मधून दुमडून गुंडाळायचा, दोन्ही कपलिंग बाहेर राहतेत, वरचं टोक खालच्यापेक्षा थोडं मागं धरायचं म्हणजे कपलिंग एकमेकावर आपटत नाय. दोन-तीन महिन्यांनी काढून घडीची जागा बदला, एकाच जागी घडी राहिली की तिथंच तो फुटतो. गोदामात उंदरांचा त्रास असंल तर पेटीला खालून फट ठेवू नका, कुरतडलेला होज गुंडाळीत कळत नाय, पाणी सोडल्यावरच कळतो.

वर्षातून एकदा सगळे होज पाण्यावर चालवून बघा, प्रेशर हळूहळू वाढवायचं आन् कंपनीनं दिलेल्या वर्किंग प्रेशरच्या वर न्यायचं नाय. कपलिंगची तार सैल झाली का, होज कपलिंगमधून सरकतोय का, कुठं फुगा येतोय का बघा. कपलिंगजवळ कापला गेला असंल तर तेवढा तुकडा काढून कपलिंग पुन्हा तारेनं बांधता येतं, मधोमध फाटला तर आगीच्या कामातून बाद करा आन् त्याच्यावर पेंटनं लिहा, नायतर कुणीतरी पुन्हा पेटीत ठेवतो.

ह्या तपासणीला १४ ते २० एप्रिलचा अग्निशमन सप्ताह धरा. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला, त्यात आग विझवायला गेलेले अग्निशमनचे जवान गेले, त्यांच्या आठवणीत हा आठवडा असतो. आपल्याकडं आगीचा सीझन पण तेव्हाच असतो. ह्याशिवाय महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानं मालकानं लायसन्सवाल्या एजन्सीकडून जानेवारी आन् जुलैमध्ये फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू हालतीत असल्याचा दाखला, द्यायचा असतो. एजन्सीचा माणूस आला की त्याला पेटी उघडून होज जोडून पाणी सोडायला लावा, नुसता कागद घेऊन सोडू नका. पंपाचं पॅनल ऑटोवर आहे का ते पण त्याच दिवशी बघा, मॅन्युअलवर ठेवलेला पंप हायड्रंट उघडला तरी चालू होत नाय.

आन् होज धुऊन वाळत घातला असताना पेटी रिकामी ठेवू नका. प्रत्येक दहा होजमागं दोन तरी स्पेअर घेऊन ठेवा, ओला काढला की कोरडा त्याच वेळी आत, पेटीच्या दारावर तारीख आन् बदलणाऱ्याची सही.